नाडी की श्वास? भुलीची पहिली काही मिनिटं आणि अफूच्या कुळातली औषधं

गेल्या खेपेला कार्यकारणभावावर बोलताना आम्ही भुलीचं एक उदाहरण ओझरतं दिलं होतं. व्याख्यान संपल्यावर तीन-चार जणांनी जिन्यातच गाठलं आणि म्हणाले, सर, ते पुरतं सांगा. म्हणून आज तेवढंच घेऊ या. एक आधी सांगून टाकतो, आम्ही डॉक्टर नाही. आमची पीएच.डी. तत्त्वज्ञानातली, आणि तिने आजवर कुणाची साधी डोकेदुखी थांबलेली नाही, उलट बऱ्याच जणांची सुरू झाली आहे. (हशा) इथे जे सांगू ते वाचलेलं आणि भूलतज्ज्ञांना विचारून ताडून घेतलेलं आहे. त्यावरून कुणी औषध ठरवायचं नाही, समजून घ्यायचं.

दोन वर्षांपूर्वी आमचं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून, पूर्ण भूल देऊन. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला आली, ती निघाली आमच्याच एका विद्यार्थ्याची मुलगी. जिने चढता येतात का, दात हलतात का, रात्री घोरता का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, असं सगळं विचारत होती. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतो म्हटल्यावर तिने नाडी पुन्हा मोजली. आम्ही विचारलं, "पोरी, देणार काय आहेस?" ती म्हणाली, "सर, आधी फेन्टानिल, मग झोपेचं. पण फेन्टानिल हात राखून देईन. त्या गोळीने तुमची नाडी आधीच छप्पन्नवर आहे."

फेन्टानिल म्हटल्यावर आम्ही दचकलो. अमेरिकेत माणसं मारतं म्हणून रोज पेपरात येतं तेच ना हे? "तेच," ती म्हणाली, "पण मायक्रोग्रॅममध्ये, आणि शेजारी मी बसलेली असते." मग झोपेचं औषध वेगळं देतेस तर हे कशाला? त्यावर ती जे बोलली ते आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे: "सर, झोपेच्या औषधाने तुम्ही झोपता. पण मी घशात नळी घालते तेव्हा तुमचं शरीर जागंच असतं."

आता हे नीट समजायला भुलीच्या आरंभी काय घडतं ते बघू. डॉक्टर मंडळी त्याला इंडक्शन म्हणतात. पेशंट टेबलावर येतो, तोंडावर मास्क लावून तीनेक मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. मग शिरेतून अफूवर्गीय औषध, मग प्रोपोफोलसारखं झोपेचं औषध, मग स्नायू सैल करणारं औषध, आणि मग श्वासनलिकेत नळी. सगळा खेळ पाच-सात मिनिटांचा. पण या मिनिटांत माणसाचा श्वास त्याच्याकडून काढून दुसऱ्याच्या हातात जातो. मधे एक रिकामी जागा येते, जिथे तो स्वतः श्वास घेत नसतो आणि यंत्रानेही अजून घ्यायला सुरुवात केलेली नसते.

या रिकाम्या जागेचा हिशोब सोपा आहे. आपण श्वास सोडला तरी फुप्फुसात साधारण अडीच लिटर हवा उरते. साध्या हवेत तिच्यातला ऑक्सिजन अर्धा लिटरही भरत नाही. शरीराला मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर लागतो. म्हणजे श्वास थांबला की दीड-दोन मिनिटांत शिल्लक संपली. पण आधी मास्कने हवेतला नायट्रोजन धुऊन काढला तर तीच फुप्फुसं दोन लिटरच्या वर ऑक्सिजन साठवतात आणि निरोगी माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. स्थूल माणूस, गर्भार बाई, लहान मूल यांना याहून कितीतरी कमी. दुष्काळात हौद आधी भरून ठेवतो तसंच हे. आणि अफूवर्गीय औषध इथे पहिल्यांदा आडवं येतं. ते घाईने, हौद भरायच्या आत दिलं तर पेशंट मास्कमधून श्वासच मंद घेतो, आणि हौद अर्धाच भरतो. औषध कोणतं याच्या इतकंच ते कधी हेही महत्त्वाचं.

हे झालं श्वासाचं. आता नाडीकडे वळू, आणि त्यासाठी आपल्या जुन्या राजधानीत जावं लागेल. आपला परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचं सरकार हैदराबादला. आणि "भुलीत माणूस मरतो तो नाडी थांबून की श्वास थांबून?" या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात मोठा प्रयोग याच हैदराबादेत झाला, निजामाच्या पैशाने. मराठवाड्यात हे किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही साठी उलटेपर्यंत नव्हतं.

क्लोरोफॉर्म 1847 साली एडिंबरोत जेम्स सिम्प्सन यांनी भुलीसाठी आणलं. दोन-तीन महिन्यांतच, 28 जानेवारी 1848 ला, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची 15 वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना दगावली. भूल सुरू करून काहीच मिनिटं झाली होती. तिथून वाद पेटला. एडिंबरोचं घराणं म्हणे, श्वासाकडे बघा, नाडीचं काही नाही. लंडनचं घराणं म्हणे, बोट नाडीवरच ठेवा, हृदय अचानक थांबतं.

हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होते एडवर्ड लॉरी. एडिंबरोचे, जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे श्वासवाले. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये जिचं नाव घेतात ती रूपाबाई फर्दुनजी हैदराबादच्या त्यांच्याच वैद्यकीय शाळेत शिकली. लॉरींनी 1888 साली एक आयोग नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले. निष्कर्ष असा, की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटलं नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1000 पौंड दिले, आणि त्यांतून 1889 साली लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादला आले. आले ते शंका घेऊन. चारशेच्या वर प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले आणि ब्रंटनही म्हणाले, लॉरींचंच खरं! लॉरी तर शिकवत, की क्लोरोफॉर्म देणाऱ्याने नाडीला हातच लावू नये, लक्ष विचलित होतं.

आणि तरी टेबलावर माणसं अचानक मरतच राहिली.

चूक कुठे होती? प्रयोग खोटे नव्हते. त्या प्राण्यांत श्वास आधी थांबला हे खरंच होतं. पण प्राण्यांना क्लोरोफॉर्म सलग, भरपूर, मरेपर्यंत दिलं होतं. हॅना ग्रीनर मेली ती भूल हलकी असताना, सुरुवातीला, घाबरलेली असताना. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं, की हलक्या क्लोरोफॉर्मच्या भुलीत शरीरात अॅड्रेनालिन उसळलं तर हृदयाच्या कप्प्यांची नुसती थरथर सुरू होते, आणि नाडी एका क्षणात जाते. श्वास त्यानंतर थांबतो. अॅड्रेनालिन येतं भीतीने, वेदनेने.

नैयायिकांना हे फार आधी कळलं होतं. भुलीबद्दल नव्हे, चुकीच्या अनुमानाबद्दल! जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती बरोबर. पण उलटं करून जिथे अग्नी तिथे धूर म्हणाल तर फसाल, कारण धूर येतो तो इंधन ओलं असेल तर. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? ओल्या इंधनाला ते उपाधी म्हणतात. लॉरींच्या व्याप्तीतही उपाधी लपली होती, जड मात्रेची. ती त्यांना दिसली नाही, कारण त्यांनी प्रत्येक चूल ओल्या लाकडानेच पेटवली होती. चारशे प्राणी झाले काय आणि चार हजार झाले काय, उपाधी संख्येने जात नाही.

आता क्लोरोफॉर्म मागे पडलं. पण लेव्हींनी दाखवलेला तो अॅड्रेनालिनचा उसळा आजही प्रत्येक पूर्ण भुलीच्या आरंभी हजर असतो. जीभ उचलून, घशात पातं घालून नळी सरकवणं हा शरीरावरचा हल्लाच. माणूस झोपलेला असला तरी नाडी धावते, रक्तदाब चढतो. तरुणाला त्याचं काही वाटत नाही. हृदयाच्या नळ्या अरुंद झालेल्या माणसाला ती दोन मिनिटं महागात पडू शकतात. उलट बाजूने, प्रोपोफोल रक्तदाब पाडतं, म्हाताऱ्या किंवा पाणी कमी झालेल्या माणसात तर चांगलाच. म्हणजे आधी दरी, मग डोंगर, नळी बसली की पुन्हा दरी. अफूवर्गीय औषध देतात ते हा डोंगर बुटका करायला. आणि झोपेचं औषधही त्यामुळे कमी लागतं. आमची भूलतज्ज्ञ म्हणाली त्याचा अर्थ हा.

मग प्रश्न येतो, या कुळातलं कोणतं?

सगळ्यात जुनं मॉर्फिन, थेट अफूच्या बोंडातलं. त्याची अडचण म्हणजे ते मेंदूत सावकाश शिरतं. पूर्ण जोर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नळी घालायची पाचव्या मिनिटाला आणि औषध पोचणार विसाव्याला, अशी वरात गेल्यावर घोडं आणण्याची गत. दुसरं म्हणजे मॉर्फिन शरीरातलं हिस्टामिन मोकळं करतं. अंगाला खाज येते, शिरेवर लाली उमटते, आणि रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो, विशेषतः भरकन दिलं तर. गंमत बघा, हृदयाला स्वतःला ते फारसं दुखावत नाही. 1969 साली बॉस्टनला एडवर्ड लोवेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या झडपा खराब झालेल्या रुग्णांना मॉर्फिनचे प्रचंड डोस देऊन भूल दिली, आणि ती कमजोर हृदयं टिकली. पुढे लक्षात आलं की हृदय टिकतं पण वाहिन्या पसरतात, सलाईन फार ओतावं लागतं. पंप ठीक, पाईप मोठे झाले. रक्ताभिसरण म्हणजे नुसतं हृदय नव्हे, हे त्यातून पुन्हा कळलं.

पेथिडीन 1939 च्या सुमारास जर्मनीत निघालं, आणि ते शोधत होते अॅट्रोपिनसारखं पेटके सोडवणारं औषध. वेदनाशामक गुण हाती लागला तो ओघात. पण अॅट्रोपिनशी असलेलं नातं सुटलं नाही. बाकीचं कूळ नाडी मंदावतं, हे एकटं ती वाढवतं, आणि मोठ्या मात्रेत हृदयाची आकुंचनाची ताकदही घटवतं. आपल्याकडे बाळंतपणात आणि ऑपरेशननंतरच्या थंडीला ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. भुलीच्या आरंभाला ते आता मागे पडलं, आणि बरं झालं असं आमचं मत.

फेन्टानिल बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांनी 1960 साली बनवलं. मॉर्फिनच्या साधारण शंभरपट जोरदार, म्हणून मोजणी मिलिग्रॅमऐवजी मायक्रोग्रॅममध्ये. ते मेंदूत लवकर शिरतं आणि तीन ते पाच मिनिटांत शिखरावर पोचतं, म्हणजे बरोबर नळीच्या वेळेला. हिस्टामिन मोकळं करत नाही, म्हणून वाहिन्या जाग्यावर राहतात. या दोन कारणांनी ते भूलतज्ज्ञांचं लाडकं. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एक तर ते नाडी मंदावतं, आणि पेशंट आधीच बीटा-ब्लॉकर घेत असेल, आमच्यासारखा, तर जास्तच. दुसरं, श्वास. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू 'श्वास घे' म्हणतो; अफूच्या कुळातलं प्रत्येक औषध त्या हाकेला बहिरं करतं. माणूस गुदमरत नाही, घाबरत नाही, त्याला फक्त श्वास घ्यावासा वाटत नाही. कधी कधी तो जागा असतो, डोळे उघडे, आणि श्वास नाही. "श्वास घ्या" म्हटलं की घेतो, आणि पुन्हा विसरतो.

तिसरी किंमत फार कमी वेळा मोजावी लागते, पण भयंकर. मोठी मात्रा झपकन दिली तर छातीचे आणि घशाचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात. स्वतः श्वास नाही, आणि मास्कने हवा ढकलावी तर छाती उचलत नाही. हौद भरलेला नसेल तर बोटाच्या चिमट्यावरचा आकडा बघता बघता उतरतो. त्यावर उपाय स्नायू सैल करणारं औषध, आणि ते हाताशी भरून ठेवलेलं असावं लागतं. म्हणून फेन्टानिल सावकाश देतात. रक्ताभिसरणाला सगळ्यात सोज्वळ म्हणावं ते औषध ऑक्सिजनच्या बाजूने असं दगा देऊ शकतं. लॉरी आज असते तर म्हणाले असते, बघा, श्वासच! लंडनवाले म्हणाले असते, नाडी मंदावली ती नाही का दिसत? दोघंही बरोबर, आणि म्हणूनच दोघांपैकी एकाचं ऐकून भूल देता येत नाही.

अफू श्वास नेते हे आपल्या बायकांना कुठल्याही आयोगाशिवाय ठाऊक होतं. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवत, हे नोंदलं गेलेलं आहे. आमची आजी कापसाच्या वेचणीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगायची, की अमकीचं लेकरू निजलं ते उठलंच नाही. ती कधी 'मेलं' म्हणाली नाही. कारण ते रडलं नव्हतं, तडफडलं नव्हतं.

आता एक औषध जे परदेशी पुस्तकांत फारसं नसतं आणि आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं आहे, पेंटाझोसिन. हे कुळातलं अर्धं आत, अर्धं बाहेर. श्वास दाबायची त्याची मजल एका मर्यादेपुढे जात नाही, हा त्याचा गुण सांगतात. पण ते नाडी आणि रक्तदाब वाढवतं, फुप्फुसाच्या धमनीतला दाबही वाढवतं, म्हणजे हृदयाला ओझं. ज्याला डोंगर बुटका करायचाय त्याला डोंगरावर मचाण बांधून द्यावं तसं! हृदयविकार असलेल्यात ते टाळावं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. मग ते वापरलं का गेलं? इथे प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, कपाटाच्या किल्लीचा होतो.

1985 साली अमली पदार्थविरोधी कायदा झाला, एनडीपीएस. नशेच्या व्यापाराला आवर घालायला तो हवाच होता. पण मॉर्फिन, फेन्टानिल ठेवायचं तर अनेक खात्यांचे परवाने, मुदती वेगवेगळ्या, नोंदीत चूक झाली तर फौजदारी. औषध ठेवण्यापेक्षा न ठेवणं सोपं झालं. आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. आणि तालुक्याच्या गावी डॉक्टरच्या कपाटात मॉर्फिनची कुपी नाही. पेंटाझोसिन, ब्युटोर्फॅनॉल यांना एवढा जाच नव्हता, म्हणून ती राहिली. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, कोडीन अशी सहा, आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच अधिकाऱ्याकडून परवानगीची सोय झाली. कागदावर वाट मोकळी झाली. पण तीस वर्षांची सवय आणि धास्ती एका दुरुस्तीने जात नाही. जो डॉक्टर शिकतानाच फेन्टानिल हाताळत नाही तो पुढे ते मागतही नाही. 'औषधाची निवड' हा शब्द आपण सहज वापरतो. पण निवडायला निदान दोन वस्तू समोर असाव्या लागतात.

आता तुमच्या कामाचं. तपासणीला जाल तेव्हा गोळ्यांची पिशवी सोबत न्या, नावं आठवत बसू नका. दुखण्यासाठी रोज ट्रामाडॉल घेत असाल, दारू असेल, गावाकडे अजून कुणी अफूची सवय ठेवून असेल, तर सांगा. सवय असलेल्याला नेहमीची मात्रा पुरत नाही. घोरणं सांगा, झोपेत श्वास अडतो असं बायको म्हणत असेल तर तेही सांगा, कारण अशा माणसाचा श्वास या औषधांनी लवकर अडतो. यात लाज कसली? भूलतज्ज्ञ तुमचं चारित्र्य तपासत नसतो.

आणि तो बोटाचा चिमटा. कोरोनात घरोघरी आला तोच, जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास त्यामागचं तत्त्व शोधलं. त्याच्यात नाडीही दिसते आणि ऑक्सिजनही. थिएटरमधल्या यंत्रात तो नाडीच्या प्रत्येक ठोक्याला टुक् वाजतो, आणि ऑक्सिजन उतरला की त्याचा स्वर खाली येतो. हैदराबादला जी भांडणं झाली ती दोन्ही घराणी त्या एका आवाजात बसली आहेत. अर्थात तोही उशिरा बोलतो, फुप्फुसात कमी पडलेलं बोटापर्यंत यायला अर्धा-एक मिनिट जातं. म्हणून चांगला भूलतज्ज्ञ छातीकडे बघत असतो.

आमच्या वेळचं सांगतो आणि थांबतो. मास्क लावला, तीन मिनिटं मोठे श्वास घ्यायला लावले. मग ती म्हणाली, "सर, फेन्टानिल देतेय, जरा गरगरेल." गरगरलं. नंतर कळलं, की नाडी अठ्ठेचाळीसवर आली आणि तिने आधीच भरून ठेवलेलं अॅट्रोपिन दिलं. त्यातलं आम्हाला काही माहीत नाही. आठवतं ते एवढंच, की छताचा दिवा स्पष्ट दिसत होता, कसली काळजी वाटत नव्हती, आणि ती वरून पुन्हा म्हणत होती, "सर, श्वास घ्या." म्हणजे तो घ्यायचा राहिला होता.

प्रश्न असतील तर विचारा. डॉक्टर मंडळी मागे बसली आहेत, अवघड प्रश्न त्यांच्याकडे.